मजकूरवाल्या बाई

बाई बसून लिहीत नसत. स्वयंपाकघराच्या खिडकीला रुंद कट्टा होता, त्यावर कागद ठेवून त्या उभ्यानं लिहीत. एका हातात पेन्सिल, दुसरा हात कमरेवर. "बसलं की मजकूर लांबतो," असं त्यांचं म्हणणं. एखादं काम फारच अडलं तर त्या अंगणात जाऊन पेरूच्या झाडाभोवती फेऱ्या मारत आणि ओळ सापडली की पायातल्या कॅनव्हासच्या बुटांसकट घरात शिरत. बूट पांढरे, शाळेतली मुलं पी.टी.ला घालतात तसले. नेटकी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, खाली ते बूट, अशा थाटात सायकलवरून जाणारी पन्नाशीची बाई त्या काळात धंतोलीत दुसरी नव्हती. नागपुरातही नसावी.

त्यांच्या धंद्याला तेव्हा नाव नव्हतं. त्या मजकूर लिहून देत. दुकानाची हँडबिलं, लग्नपत्रिका, मंगलाष्टका, निरोपसमारंभाची भाषणं, सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर दाखवायच्या जाहिरातींच्या ओळी, लोणच्याच्या बरणीवर चिकटवायचा कागद. ज्याला चार शब्द हवेत आणि सुचत नाहीत, त्यानं बाईंकडे यावं. नोकरी कुणाचीच नाही, ऑफिस नाही, पाटी नाही. बर्डीच्या बाजारातले दुकानदार त्यांना 'मजकूरवाल्या बाई' म्हणत आणि हे नाव त्यांना मनापासून आवडत असे.

त्याआधी त्या एका शाळेत मराठी शिकवत. शाळा का सोडली, हे त्या प्रत्येकाला त्याच शब्दांत सांगत: "'माझी आई' या विषयावरचे निबंध तपासून मी थकले. वर्गातल्या सगळ्या पोरांची आई एकच होती. प्रेमळ, कामसू आणि पहाटे उठणारी." एका वर्षी त्यांनी विषय बदलला आणि फळ्यावर लिहिलं, 'आई चिडली की काय म्हणते?' मुलांनी इतकं मन लावून लिहिलं की बाईंना वाचताना हसू आवरेना. मुख्याध्यापकांना मात्र ते आवरलं. त्यांनी वह्या परत घेतल्या आणि बाईंना खोलीत बोलावलं. बाईंनी तिथंच राजीनामा लिहिला. तोही उभ्यानं.

मी त्यांच्याकडे गेले ती भाडेकरू म्हणून. मी पारशिवनीची. बाबांचं तिथं किराणा दुकान. नागपुरात वसतिगृहात राहून बी.ए. झाले आणि मग शाळेत कुठं जागा मिळते का पाहायला आणखी एक वर्ष मागून घेतलं. बाबांनी ते दिलं, पण स्पष्ट सांगून दिलं. वर्षात काही झालं नाही तर घरी यायचं आणि पाहतील त्या मुलाशी लग्न करायचं. बाबा फार बोलणारे नव्हते. त्यांनी एकदा म्हटलं की ते घरात सगळ्यांना पाठ असायचं.

बाईंच्या घरामागं एक खोली रिकामी होती. मी विचारायला गेले तर त्यांनी माझं नाव, गाव, जात, काहीच विचारलं नाही. कागद आणि पेन्सिल दिली. "खोली कशाला पाहिजे ते लिही," म्हणाल्या.

मी लिहिलं. 'सविनय विनंती विशेष' पासून सुरुवात केली. आपल्या कृपाछत्राखाली निवास करण्याचे सद्भाग्य, वगैरे. कागद भरला. बाईंनी तो कट्ट्यावर ठेवला आणि वरून खाली रेघा मारत गेल्या. शेवटी एकच वाक्य उरलं: 'वसतिगृहात दिवे लवकर बंद होतात.'

"हे खरं आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग एवढंच लिहायचं होतं. ये राहायला."

*

त्यांचे काही नियम होते आणि ते नव्या माणसाला वेडेपणाचे वाटत. रविवारी त्या काही वाचत नसत. पेपर नाही, पोथी नाही, डब्यावरचं नावसुद्धा नाही. शनिवारी संध्याकाळी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं फिरवत आणि बिस्किटाचे डबे, तेलाची पिंपं, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे करत. "सहा दिवस लोकांचे शब्द माझ्या डोळ्यात जातात. एक दिवस डोळे मोकळे." मी पहिल्या रविवारी चहात साखर समजून मीठ टाकलं, कारण डबे पाठमोरे होते. बाईंनी तो चहा चाखला, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "यातून एक कळलं. लेबल कामाचं असतं."

उद्गारचिन्हाला त्या काठी म्हणत. कुणी छापून आणलेलं हँडबिल त्यांच्यापुढं ठेवलं की आधी काठ्या मोजायला लावत आणि मग त्या दुकानदाराला विचारत, "दाराशी एवढ्या काठ्या घेऊन उभे राहिलात तर गिऱ्हाईक आत कसं येईल?" दुसरा राग 'सुप्रसिद्ध' या शब्दावर. एका मिठाईवाल्यानं आग्रह धरला की आमची संत्राबर्फी सुप्रसिद्ध आहे, तसं लिहा. बाई शांतपणे म्हणाल्या, "सुप्रसिद्ध असती तर मला कशाला बोलावलं असतं?" तो चरकला. बाईंनी त्याच्या दुकानात उभं राहून बर्फी खाल्ली, दुसरा तुकडा मागितला, तिसरा मागितला आणि मग लिहून दिलं: 'आमच्या बर्फीत संत्र्याची साल किसून घालतो. म्हणून ती किंचित कडू लागते. लहान मुलांना आवडत नाही, मोठ्यांना आवडते.' मिठाईवाला म्हणाला, हे तर धंद्याचं नुकसान आहे. बाई म्हणाल्या, छापून तर बघा. त्यानं छापलं. पंधरवड्यात मुलं आईवडिलांना ओढत दुकानात येऊ लागली, आम्हाला आवडते हे दाखवायला.

वस्तू वापरल्याशिवाय त्या ओळ लिहीत नसत, हा तिसरा नियम. चपला असल्या तर घालून पार महाल वस्तीपर्यंत चालत जात. केसांना लावायचं तेल असलं तर लावत, मग ते कसल्याही वासाचं असो. यातला गादीचा प्रकार मी स्वतः पाहिलेला आहे.

इतवारीत गाद्यांचं एक मोठं दुकान होतं. शेठनी मजकुरासाठी बोलावलं, तेव्हा बाई मलाही घेऊन गेल्या. शेठ कापसाबद्दल सांगू लागले. बाई म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका, मला झोपून बघू द्या." दुकानाच्या मधोमध नवी गादी अंथरलेली होती. बाईंनी बूट काढले, छत्री बाजूला ठेवली आणि भरदुपारी तिच्यावर आडव्या झाल्या. मला वाटलं, क्षणभर बघून उठतील. त्या घोरू लागल्या.

शेठ माझ्याकडे बघत होते, मी शेठकडे. उठवायचं कुणी, हा प्रश्न. येणारं गिऱ्हाईक दारात थबके, आत बघे आणि हळू आवाजात विचारी, "काय झालं यायले?" शेठ कुजबुजत, "काही नाही, गादी पाहून राहिल्या." थोड्या वेळानं दुकानात बरीच माणसं जमली, पण सगळी गप्प. एका नवरा-बायकोनं तर बोटाच्या खुणेनंच भाव ठरवला आणि तसलीच गादी रिक्षात घालून नेली. बाई जाग्या झाल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. डोळे चोळत त्यांनी माझ्याकडून कागद घेतला आणि उभ्या राहून लिहिलं: 'आमच्या दुकानात एक बाई गादी पाहायला आल्या आणि झोपल्या. आम्ही त्यांना उठवले नाही.'

ते हँडबिल पुढं कितीतरी वर्षं त्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेलं होतं.

*

शाळेतली जागा मला मिळत नव्हती. दरवेळी कुणीतरी आधीच ठरलेलं असे. एका संध्याकाळी मी तशीच हात हलवत परतले, तर बाईंनी विचारलं, "आज काय आणलंस?"

"काही नाही. जागा भरली म्हणाले."

"जागेचं नाही विचारत. बाजारातून आलीस ना? कानात काय आणलंस?"

मला आधी कळेना. मग आठवलं. बर्डीच्या बाजारात एक भाजीवाली गिऱ्हाइकाला म्हणत होती, 'वांगे पाहून घ्या, मी पाहिले नाही.' मी ते सांगितलं. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला बसवून कढी वाढली. "उद्या आणखी एक आण," म्हणाल्या. "पण एकच. दोन आणलेस तर एक परत नेऊन ठेव."

तेव्हापासून मी रोज एक वाक्य आणू लागले. टांगेवाला घोड्याला सांगत होता, 'आज दोघंबी लवकर घरी जाऊ.' शिंप्याच्या दुकानात एक म्हातारा म्हणत होता, 'कोट ढिला ठेव गा, पुढं पोराले बी लागन.' बाई प्रत्येक वाक्य हातात घेतल्यासारखं फिरवून बघत. यात नेमकं काय आवडलं, कुठला शब्द काढला तर ते मरेल, असं विचारत. मी कंटाळले नाही. कॉलेजात तीन वर्षं जे शिकवलं त्यात हे कुणी विचारलं नव्हतं. हळूहळू त्या मला लहान कामं देऊ लागल्या. एखाद्या लग्नपत्रिकेचा मसुदा, एखाद्या हॉटेलची पाटी. माझ्या कागदावर त्यांच्या रेघा आधी पावसासारख्या पडत, मग तुरळक झाल्या.

एक दिवस म्हणाल्या, "माझी गिऱ्हाइकं पुरे झाली. आता स्वतःचं एक शोध."

मी चार नमुने नीट अक्षरात लिहून घेतले आणि बर्डीवर निघाले. घड्याळवाला, कापडवाला, भांडीवाला, रेडिओ दुरुस्त करणारा. कुणी पाणी दिलं, कुणी बसायला सांगितलं, काम कुणी दिलं नाही. एकानं तर स्वतःचीच कविता वाचून दाखवली. घरी येऊन मी सगळं सांगितलं. बाई कैरी कापत होत्या.

"हे सगळे बोलके लोक," त्या म्हणाल्या. "ज्या दुकानदाराला बोलायला आवडतं त्याच्याकडे जाऊन काय उपयोग? तो स्वतःला लेखकच समजतो. जो गिऱ्हाइकाशी बोलताना अडखळतो ना, तो शोध. आणि गेलीस की काम मागू नको. बाजूला उभी राहा आणि लोकं त्याला काय विचारतात ते ऐक. लोकं जे विचारतात तेच लिहायचं असतं. आपल्या डोक्यातलं काही नसतं त्यात."

असा माणूस मला गणपतरावांत सापडला.

गणपतराव वाळ्याच्या ताट्या विणत. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना ताटी सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: बांबूच्या चौकटीत वाळ्याच्या मुळ्या भरायच्या, ती दारा-खिडकीला लावायची, वरून पाणी शिंपडायचं. बाहेरची आग आत येताना गार आणि सुगंधी होऊन येते. तेव्हा साहेबलोकांच्या घरी विजेचे कूलर येऊ लागले होते आणि बर्डीवरच्या दुकानांतून त्यांची घरघर ऐकू येई. गणपतरावांची जागा जवळच्या गल्लीत, एका कडुनिंबाखाली. माणूस उंच, हात मोठे आणि बोलणं नाहीच. गिऱ्हाइकानं काही विचारलं की ते जमिनीकडे बघत आणि "हो" किंवा "नाही" म्हणत. समोरचा जरा थांबे आणि पुढं जाई.

मी कडुनिंबाखाली उभी राहू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी एक स्टूल आणून ठेवलं आणि परत विणायला बसले. लोक यायचे ते भाव विचारायच्या आधी वाकून ताटीचा वास घ्यायचे, हे मी पाहिलं. बायका विचारायच्या, पाणी किती वेळा टाकावं लागेल. पुरुष विचारायचे, घरात अंधार तर होणार नाही. आणि जवळजवळ प्रत्येक जण जाताना म्हणायचा, 'कूलरसारखं थोडीच होते.'

मी घरी येऊन मजकूर लिहिला. 'वाळ्याच्या शीतल सुगंधाने आपले घर...' बाईंनी रेघ मारली. दुसरा लिहिला. त्यात त्यांच्यासारखी छोटी वाक्यं होती, एकही काठी नव्हती. त्यांनी रेघ मारली नाही, पण कागद माझ्या हातात परत दिला.

"हा माझा झाला," म्हणाल्या. "तुझा कुठं आहे?"

मला राग आला. आता आणखी काय करायचं? मी मागच्या खोलीत जाऊन बसले. आम्ही घरी जे बोलतो ते बाईंकडे मी कधी बोलत नसे. वसतिगृहात पहिल्याच वर्षी 'मले' म्हटलं म्हणून मुली हसल्या होत्या, तेव्हापासून ते मी जिभेखाली ठेवलं होतं. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तेही सोडलं होतं. रागाच्या भरात मी त्या दिवशी आमच्या घरातल्यासारखंच लिहून काढलं. एक नवरा उन्हातून घरी येतो आणि बायकोला विचारतो:

'काहून वं, दार काहून बंद केलं?'
'दार बंद नाही, ताटी लावली.'
'मंग हे थंड काय लागून राहिलं?'
'वारा हाय. रोजचाच. ताटीतून आला.'
'असं का. आन् आवाज काहून येत नाही?'
'वाऱ्याले कायचा आवाज? कूलर थोडीच हाय.'
'मंग आज मी कचेरीत जात नाही.'
'जा तुमी. तुमची जागा शेजारनीले देल्ली.'

खाली गणपतरावांच्या जागेचा पत्ता.

बाईंनी तो कट्ट्यावर ठेवून वाचला. परत वाचला. पेन्सिल उचलली आणि कानामागं खोचली. मग कधी नव्हे ते खुर्ची ओढून त्या बसल्या.

"मी आयुष्यभर 'मले'वर रेघा मारल्या," त्या म्हणाल्या. "शाळेत मारल्या, इथंही मारल्या. हा मजकूर माझ्या हातून झाला नसता. मला ऐकू येतं, पण लिहिता येत नाही." मग म्हणाल्या, "गणपतराव मात्र छापणार नाहीत. त्यांना वाटेल आपण त्यांची थट्टा केली."

मलाही तीच भीती होती. मी वाचून दाखवू लागले तेव्हा गणपतराव नेहमीसारखे जमिनीकडे बघत होते. वाचून संपलं तरी मान वर होईना. मी कागदाची घडी घालू लागले. तेव्हा ते म्हणाले, "शेजारीन येते खरी. रोज येते. हिच्या बाजूनं बसते." त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते हे मला उशिरा कळलं. मजकूर छापायला गेला आणि हँडबिलं तयार झाली.

लाउडस्पीकरवाल्या रशीदभाईंना पटवायला जास्त वेळ लागला. सायकलरिक्षावर कर्णा बांधून ते गावभर जाहिराती पुकारत आणि हँडबिलं वाटत. कागद वाचून म्हणाले, "दीदी, ये तो घर के अंदर की बात है. बाजार में कैसे बोलूँ?" बाईंनी त्यांना अंगणात उभं केलं आणि म्हणून बघायला लावलं. नवऱ्याचा आवाज त्यांनी आपला ठेवला, बायकोचा बारीक काढला. 'शेजारनीले देल्ली' म्हणताना त्यांनी मान अशी काही वेळावली की कुंपणापलीकडची मोलकरीण धुणं टाकून हसत उभी राहिली. रशीदभाईंनी तिच्याकडे बघितलं आणि कागद खिशात घातला. "कल सुबह से," म्हणाले.

*

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले.

हातात कापडी पिशवी, डोक्यावर टोपी, धोतराला बसची धूळ. मी पाणी दिलं. ते पाणी प्याले आणि म्हणाले, "सामान भर. पाचच्या गाडीनं जाऊ. उमरेडचे लोकं येऊन राहिले तुले पाहाले."

"बाबा, पन..."

"वर्ष म्हनलं होतं. झालं वर्ष. शाळेत लागली का?"

"नाही."

"मंग काय करून राहिली वं तू इथं?"

मी लिहिते, असं सांगितलं असतं तर त्यांनी काय लिहिते म्हणून विचारलं असतं आणि मला हँडबिल दाखवावं लागलं असतं. ते दाखवायचं धैर्य होईना. त्यात आमच्या घरचं बोलणं होतं. बाबांना ते चव्हाट्यावर मांडलेलं कसं वाटेल? मी रिकामा पेला उचलून घेतला. बाईंनी पोहे दिले आणि बाबांसमोर उभ्या राहिल्या.

"मुलगी तुमची आहे, घेऊन जा," त्या म्हणाल्या. "पण तिचं पहिलं काम आज बाजारात फिरतंय. ते काय होतं हे कळल्याशिवाय ती गेली तर आयुष्यभर तिला चुटपुट लागेल. पाचपर्यंत वेळ आहे ना?"

"कायचं काम?"

"शब्दांचं."

बाबांनी हे ऐकून घेतलं. पोहे संपवले, बशी स्वतः विसळून ठेवली. "बर्डीवर जाऊन येतो. दुकानाचं सामान घ्याचं हाय," म्हणाले आणि गेले.

मी पेटी काढली. दोन पातळं घडी करून ठेवली, पुन्हा बाहेर काढली. बाई अंगणात गेल्या. त्या पेरूच्या झाडाभोवती फिरत होत्या. हातात त्यांच्या काहीच काम नव्हतं, तरी फिरत होत्या.

दुपार झाली. बाबांचा पत्ता नाही. तीन वाजले, तेव्हा मला भीती वाटू लागली. वैशाखातलं ऊन, रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, कुत्रीसुद्धा गटारात बसलेली. साठीकडे झुकलेला माणूस बर्डीवर जाऊन इतका वेळ काय करतो? बाईंनी छत्री घेतली आणि आम्ही दोघी निघालो. किराणा मालाच्या ठोक दुकानात विचारलं, तर सकाळी एक पारशिवनीचे आले होते, पण काही न घेताच गेले, असं सांगितलं. रसवंतीत विचारलं, दवाखान्यात डोकावलो. मग बाई म्हणाल्या, "गणपतरावांकडे बघू. उन्हात फिरलेला माणूस सावली शोधतो."

कडुनिंबाखाली गर्दी होती. गणपतराव घामाघूम, हातात सुतळी, समोर माणसं. इतकी माणसं त्यांच्यापुढं मी कधी पाहिली नव्हती. मला बघून ते उभे राहिले आणि एका दमात इतकं बोलले, जितकं वर्षात बोलले नसतील. "ताट्या संपल्या. आता सांगून ठेवून राहिले लोकं. आन् तुमचे बाबा इतवारीकडं गेले. रशीदभाईसंगं. रिक्षात."

"रिक्षात?"

"सकाळीच आले होते. रिक्षा बर्डीवरून जाऊन राहिली होती, तिच्यामागं मागंच आले पायी. मले विचारलं, हे कोनी लिहिलं. मी तुमचं नाव सांगतलं." त्यांनी पुन्हा जमिनीकडे बघितलं. "मंग कागद वाचला. रशीदभाईच्या बाजूले जाऊन बसले."

आम्ही रिक्षा केली आणि इतवारीकडे निघालो. आवाज आधी ऐकू आला. 'काहून वं, दार काहून बंद केलं?' पण बायकोचा बारीक आवाज येईना. तिच्या ओळी कुणीतरी जाड, खरखरीत आवाजात म्हणत होतं. चौकातून वळलो तर समोरच ती रिक्षा उभी. एका बाजूला रशीदभाई नवऱ्याचं बोलत होते. दुसऱ्या बाजूला बाबा, डोक्यावरची टोपी काढून ओला दुपट्टा बांधलेला, माइक तोंडाशी धरून माझ्या आईसारखी मान वेळावत म्हणत होते, "जा तुमी. तुमची जागा शेजारनीले देल्ली." लोक हसत होते. दुकानांच्या ओट्यांवरची माणसं उठून बाहेर आली होती.

हे माझे वडील. ज्यांनी घरात कधी मोठ्यानं हाक मारली नाही.

आमची रिक्षा जवळ गेली आणि आम्ही उतरलो. बाबांनी मला पाहिलं नाही. समोर छत्री धरून उभ्या असलेल्या बाईंना त्यांनी उन्हात ओळखलं नाही आणि इतरांना देत होते तसाच एक कागद पुढं केला. "घ्या बाई, वाचून पाहा. माझ्या पोरीनं लिहिलं."

बाईंनी तो घेतला. उभ्यानं सगळा वाचला, जणू पहिल्यांदाच वाचत होत्या. "चांगलं लिहिते," म्हणाल्या. "आणखी द्या, मी पण वाटते."

मग बाबांनी ओळखलं. माइक खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. ते लाजले होते आणि मला त्यांच्याकडे सरळ बघवत नव्हतं, इतका मला आनंद झाला होता. त्यांनी मांडीवरचा अर्धा गठ्ठा उचलून बाईंना दिला, उरलेला माझ्याकडे. रशीदभाई म्हणाले, "चलो बाबूजी, आगे." आणि आम्ही दोघी रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी कागद वाटत इतवारीतून महालाकडे निघालो. बाई प्रत्येकाच्या हातात कागद ठेवत आणि तो वाचेपर्यंत तिथून हलत नसत. त्यामुळे आम्ही फारच हळू चाललो होतो.

पाचची गाडी कधी गेली ते कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी बाईंच्या अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकल्या. बाबांनी हातपाय धुतले, वरण-भात आणि कैरीची चटणी मन लावून खाल्ली. बाई समोर उभ्याच होत्या. जेवण झाल्यावर बाबांनी सुपारी कातरली. मग त्यांनी बाईंना विचारलं, "ताट्यायचा हंगाम किती राहते? जूनपर्यंत?"

"जूनपर्यंत," बाई म्हणाल्या.

"मंग पुढं ही काय लिहीन?"

"पावसाळ्यात छत्र्या. रबरी बूट. गळक्या घरांवरची कवेलू फेरणारे."

"आन् दिवाळीत?"

"दिवाळीत तर श्वास घ्यायला वेळ नसतो. कापडवाले, फराळवाले, भांडीवाले, सगळे एकदम येतात."

"थंडीत?"

"स्वेटर. आणि लग्नं. लग्नात तर पत्रिका आहे, मंगलाष्टका आहे, मानपान राहिला म्हणून रुसलेल्या व्याह्यांना पत्र आहे."

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. ते हळूहळू चघळत त्यांनी वर्षाचे महिने मनात फिरवून पाहिले असावेत. मी बाजेच्या काठावर बसले होते.

"म्हंजे वर्षभर काम हाय," ते शेवटी म्हणाले.

"वर्षभर," बाई म्हणाल्या.

"मंग ठीक हाय." बाबांनी अडकित्ता मिटला. "उमरेडवाल्यायले सांगतो मी. पोरगी कामात हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बाबा एकटेच परत गेले. बरोबर गणपतरावांनी पहाटे विणलेली एक ताटी होती. ती बसच्या टपावर चढवताना बाबा कंडक्टरला काहीतरी सांगत होते आणि कंडक्टर हसत होता.